केव्हा आणि कुठे : गाईच्या अंडाशयातील संप्रेरक-ग्राही

गाय उलटली की नुकसान एका रेतनापुरते राहत नाही. माज ओळखला, वेळेवर रेतन करून घेतले, तीन आठवडे वाट पाहिली आणि गाय पुन्हा माजावर आली, तर तेवढ्या दिवसांचा चारा, पेंड आणि मेहनत अंगावर पडते. पुढचे वेत लांबते, भाकड काळ वाढतो आणि असे चार-सहा वेळा घडले की चांगली दुधाळ गाय बाजाराची वाट धरते. दरम्यान तिला संप्रेरकांची इंजेक्शने दिलेली असतात. एकाच गोठ्यातल्या दोन गाईंना एकाच दिवशी, एकाच मात्रेत, एकच औषध दिले जाते. एक गाभण राहते, दुसरी राहत नाही. पशुवैद्यकाला हा अनुभव नवा नाही. औषध तेच, मात्रा तीच, मग फरक कशात पडला?

त्या फरकाचा मोठा वाटा अंडाशयाच्या पेशींमध्ये असतो. रक्तातून आलेले संप्रेरक असंख्य पेशींजवळून जाते, पण ज्या पेशीत त्याचा ग्राही असतो तीच पेशी त्याला प्रतिसाद देते. ग्राही हे एक प्रथिन आहे. त्याची कृती जनुकात लिहिलेली असते आणि ते जनुक सदासर्वकाळ सारख्याच जोमाने काम करत नाही. पुटकाच्या एका अवस्थेत ते जागे असते, दुसऱ्या अवस्थेत निपचित. प्रस्तुत ग्रंथ या जागण्या-निजण्याचा अभ्यास आहे. त्याचे सार असे, की प्रजननात संप्रेरक किती आहे याहून त्याचा ग्राही कुठे आणि केव्हा आहे हे अधिक निर्णायक ठरते. पाऊस पुरेसा झाला तरी वाफसा आल्याशिवाय पेरणी साधत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या विषयाचा गाभा परका वाटणार नाही.

नव्याने येणाऱ्या वाचकासाठी आधी या प्रदेशाची ओळख करून देतो. कालवड जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत लाखाच्या घरात आद्य पुटके असतात. प्रत्येक पुटकात एक अपक्व स्त्रीबीज आणि त्याभोवती चपट्या पेशींचा एक थर. यांतल्या मोजक्याच पुटकांतून पुढे वासरू जन्मते. बाकीची वाटेतच विरून जातात. वाढू लागलेल्या पुटकात दोन थर स्पष्ट होतात. आत, स्त्रीबीजाच्या बाजूला, ग्रॅन्युलोसा पेशी. बाहेर थिका पेशी. आणि दोहोंमध्ये एक पातळ पडदा. रक्तवाहिन्या थिकापर्यंतच येऊन थांबतात.

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी दोन संप्रेरके पाठवते, एफएसएच आणि एलएच. एफएसएचचा ग्राही ग्रॅन्युलोसा पेशींवर असतो, एलएचचा आधी केवळ थिका पेशींवर. एलएचच्या सांगण्यावरून थिका पेशी अँड्रोजेन बनवतात. ते पडदा ओलांडून आत जाते आणि एफएसएचच्या प्रभावाखालच्या ग्रॅन्युलोसा पेशी अ‍ॅरोमॅटेज या विकराच्या साहाय्याने त्याचे इस्ट्रोजेन करतात. म्हणजे एकच संप्रेरक बनवायला दोन प्रकारच्या पेशी, दोन संदेश आणि दोन ग्राही लागतात. इस्ट्रोजेन पुरेसे वाढले की गाय हंबरते, दुसऱ्या जनावरावर उडते, काचेसारखा स्वच्छ सोट टाकते. तेच इस्ट्रोजेन मेंदूमार्फत एलएचची मोठी लाट उसळवते आणि माज संपल्यावर साधारण १० ते १२ तासांनी पुटक फुटून स्त्रीबीज बाहेर पडते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा गोठ्यागोठ्यात पाठ असलेला नियम या वेळापत्रकावर उभा आहे. फुटलेल्या पुटकाच्या जागी पीतपिंड तयार होतो आणि प्रोजेस्टेरॉन स्रवू लागतो. गर्भ राहिला नाही तर गर्भाशयातून येणारे प्रोस्टाग्लँडिन त्याला विरघळवते आणि सुमारे २१ दिवसांनी चक्र पुन्हा सुरू होते.

या साऱ्या घडामोडींतले ग्राही ढोबळमानाने दोन घराण्यांचे. एफएसएच, एलएच आणि प्रोस्टाग्लँडिन यांचे ग्राही पेशीच्या पटलात सात वेळा आतबाहेर ओवलेले असतात. संप्रेरक बाहेर अडकते आणि निरोप आत पोहोचतो. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन मेदात विरघळणारी, पटल सहज ओलांडणारी संप्रेरके आहेत. त्यांचे मुख्य ग्राही पेशीच्या आत असतात आणि संप्रेरक जोडले गेले की थेट डीएनएवर बसून इतर जनुकांना कामाला लावतात. म्हणूनच एका ग्राहीचे जनुक जागे झाले की परिणामांची साखळी लागते. एलएचच्या लाटेनंतर ग्रॅन्युलोसा पेशींत प्रोजेस्टेरॉनचा ग्राही उमटतो. ज्या उंदरांच्या माद्यांमध्ये हे जनुक निकामी केले गेले त्यांची पुटके पूर्ण वाढली, पण फुटली नाहीत.

हे ज्ञान टप्प्याटप्प्याने साचले आहे. डच वैद्य रेनिए द ग्राफ याने १६७२ मध्ये अंडाशयातल्या पुटकांचे वर्णन केले. त्यांनाच तो अंडी समजला. खरे सस्तन स्त्रीबीज दिसायला कार्ल फॉन बेअर यांचे १८२७ साल उजाडावे लागले. १९०५ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे. त्या वर्षी स्टार्लिंग यांनी ‘हॉर्मोन’ ही संज्ञा प्रचारात आणली आणि त्याच वर्षी केंब्रिजच्या लँगली यांनी पेशींमध्ये औषध ग्रहण करणारा एखादा पदार्थ असला पाहिजे असे मांडले. संदेश आणि तो घेणारा, दोन्ही कल्पना एकाच वर्षाच्या. पण पुढची पन्नासेक वर्षे संदेशाचाच पाठपुरावा झाला, कारण ग्राही पकडण्याचे साधन हाती नव्हते.

ते साधन किरणोत्सर्गी खुणेने आले. एल्वूड जेन्सन यांनी शिकागोत १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात इस्ट्रोजेनला ट्रिटियमची खूण लावली आणि उंदरांच्या शरीरात ते कुठे टिकून राहते ते पाहिले. गर्भाशयासारख्या मोजक्या ऊतींनी ते धरून ठेवले, इतरांनी सोडून दिले. तिथून संप्रेरक-ग्राहींचा प्रायोगिक अभ्यास सुरू झाला. त्याच सुमारास, १९५९ मध्ये, स्वीडनच्या बेंग्ट फाल्क यांनी उंदराच्या अंडाशयातून थिका आणि ग्रॅन्युलोसा पेशी वेगवेगळ्या काढून डोळ्याच्या पुढच्या पोकळीत रुजवल्या आणि इस्ट्रोजेन बनण्यासाठी दोघींची सोबत लागते हे दाखवले. आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात असलेल्या ‘दोन पेशी’ सिद्धांताचे मूळ या प्रयोगात आहे. पुढे रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांच्या रेडिओइम्युनोअ‍ॅसे तंत्रामुळे रक्तातली अतिसूक्ष्म संप्रेरके मोजता आली. १९७७चे वैद्यकाचे नोबेल यॅलो यांना आणि मेंदूतली संप्रेरके उलगडणाऱ्या गिलेमिन व शॅली यांना विभागून मिळाले. एलएचचा ग्राही घडवणारा जनुकीय क्रम १९८९ मध्ये आणि एफएसएचच्या ग्राहीचा १९९० मध्ये हाती आला. इस्ट्रोजेनला दुसराही एक ग्राही आहे हे १९९६ मध्ये स्वीडनमधल्या गुस्ताफसन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले, आणि अंडाशयाच्या ग्रॅन्युलोसा पेशींत हा दुसरा, बीटा ग्राहीच ठळकपणे आढळतो.

गाईच्या अभ्यासाचा प्रवाह याला समांतर वाहत होता. कत्तलखान्यातून आणलेल्या कालवडींच्या अंडाशयांत पुटके मोजून राजाकोस्की यांनी १९६० मध्ये असे सुचवले, की एका चक्रात पुटके सलग वाढत नाहीत, दोन लाटांत वाढतात. मेलेल्या अंडाशयावरून जिवंत हालचालीचे अनुमान काढल्याने त्यावर वाद होणे साहजिक होते. १९८०च्या दशकात विस्कॉन्सिनच्या जिंथर, पियर्सन आणि इतरांनी गुदमार्गातून अल्ट्रासाऊंड करून तीच गाय रोज तपासली आणि वाद मिटला. चक्रात दोन किंवा तीन लाटा येतात. प्रत्येक लाटेत अनेक पुटके उठतात, त्यांतले एक वरचढ ठरते आणि बाकीची मागे पडतात. पियर्सन यांनी पुढे बेअरवॉल्ड व अ‍ॅडम्स यांच्यासह हीच पद्धत स्त्रियांच्या अभ्यासाला लावली आणि स्त्रीच्या मासिक चक्रातही पुटकांच्या लाटा असल्याचे २००३ मध्ये मांडले. गाय बहुधा एकाच वेळी एकच स्त्रीबीज सोडते, तिची गर्भावस्थाही नऊ महिन्यांची. त्यामुळे उंदरापेक्षा गाईचा अंडाशय मानवी अंडाशयाच्या कितीतरी जवळचा ठरतो.

लाटा मान्य झाल्यावर खरा प्रश्न पुढे आला : एवढ्या पुटकांतून एकच वरचढ कसे ठरते? इथे या विद्याशाखेतले संप्रदाय स्पष्ट दिसू लागतात. होल्स्टिन गाईत सर्वांत मोठे पुटक साधारण साडेआठ मिलिमीटरचे झाले की त्याची वाट इतरांपासून वेगळी होते. एफएसएच घसरत असते, लहान पुटके त्या घसरणीत टिकत नाहीत, मोठे मात्र वाढत राहते. एका संप्रदायाचे म्हणणे असे, की मोठ्या पुटकाच्या ग्रॅन्युलोसा पेशींवर आता एलएचचे ग्राही उमटतात, त्यामुळे ते एफएसएचवरच्या अवलंबनातून सुटते. याला पुष्टी देणारी मोजमापे जिंथर यांच्या गटाने मांडली : वाटा वेगळ्या होण्याच्या थोडे आधीच मोठ्या पुटकात या ग्राहीच्या जनुकाचा संदेश, म्हणजे आरएनए, वाढलेला दिसतो. दुसरा संप्रदाय कॉर्नेलच्या जोआन फॉर्च्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांना निवडीच्या वेळी ग्राहींच्या संदेशात तसा फरक आढळला नाही. त्यांच्या मते पहिला फरक आयजीएफ या वाढ-घटकाच्या व्यवस्थेत पडतो. भावी वरचढ पुटकातले एक विकर आयजीएफला बांधून ठेवणारी प्रथिने कापते, मोकळे आयजीएफ एफएसएचची धार वाढवते आणि एलएचचे ग्राही हे त्याचे नंतरचे फळ. आता मागे वळून पाहताना दोन्ही बाजूंच्या नोंदींना आपापली जागा आहे असे दिसते. पण ‘आधी काय’ हा प्रश्न क्षुल्लक नाही, कारण हस्तक्षेप कुठे करायचा हे त्यावर ठरते. या ग्रंथाने तो वाद झाकून न ठेवता वाचकापुढे मांडला आहे, हे मला विशेष मोलाचे वाटते.

तिसरा, तरुण संप्रदाय एकेका ग्राहीपाशी न थांबता पेशीतले सगळे संदेश एकदम वाचू पाहतो. २००९ मध्ये हिअरफर्ड जातीच्या डॉमिनेट नावाच्या गाईचा जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि गाईत सुमारे २२,००० जनुके असल्याचा अंदाज पुढे आला. तेव्हापासून पुटकाच्या प्रत्येक अवस्थेतल्या आरएनएची संपूर्ण यादी करणे शक्य झाले आहे; आता तर एकेक पेशी सुटी करून हे काम होते. यादी मोठी झाली, तसा अर्थ लावण्याचा भारही वाढला.

या अर्थ लावण्यात एक सावधगिरी पदोपदी हवी, आणि विद्यार्थ्यांनी ती सुरुवातीलाच अंगी बाणवावी असा माझा आग्रह आहे. जनुकाचा संदेश सापडणे म्हणजे ग्राही प्रथिन तयार होणे नव्हे, आणि ग्राही असणे म्हणजे प्रतिसाद मिळणे नव्हे. पहिल्या अंतराचे उदाहरण इस्ट्रोजेनच्या बीटा ग्राहीचे. २०१७ मध्ये त्याच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तेरा प्रतिपिंडांची कसून तपासणी झाली, तेव्हा त्यांतले एकच पुरेसे विश्वसनीय ठरले. म्हणजे वर्षानुवर्षे ग्राही म्हणून रंगवलेले डाग दुसऱ्याच प्रथिनाचे असू शकत होते. दुसऱ्या अंतराचे उदाहरण प्रत्येक पशुवैद्यकाच्या हाताखालचे आहे. माजानंतरच्या पहिल्या चार-पाच दिवसांत प्रोस्टाग्लँडिन दिले तर पीतपिंड विरत नाही. त्या कोवळ्या पीतपिंडात ग्राही नसतात म्हणून असे होते, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ग्राही तिथे असतात. ग्राहीपासून पुढे विरण्यापर्यंतची यंत्रणा मात्र अजून जुळलेली नसते. ग्राहीचा अभ्यास ग्राहीपाशी संपवता येत नाही, तो इथे.

हा विषय आज महत्त्वाचा का? पहिले कारण रोजच्या व्यवसायातले. पर्सली, मी (Mee) आणि विल्टबँक यांनी १९९५ मध्ये मांडलेली ‘ओव्हसिंक’ पद्धत आपल्याकडेही रुळली आहे. आधी जीएनआरएच (पीयूषिकेला एलएच सोडायला लावणारे मेंदूतले संप्रेरक), सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, त्यानंतर सुमारे दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच आणि मग माजाची वाट न पाहता ठरल्या वेळी रेतन. पण पहिल्या जीएनआरएचने उठलेली एलएचची लाट पुटक फोडते ती त्या पुटकाच्या ग्रॅन्युलोसा पेशींवर एलएचचे ग्राही आलेले असतील तरच. पुटक लहान असेल तर निरोप वाया जातो आणि पुढची सगळी गणिते सरकतात. हे ज्याला समजले तो पद्धत आंधळेपणाने राबवत नाही. आधी अंडाशय तपासतो आणि दिवस ठरवतो.

दुसरे कारण गव्हाणीतले. व्यायल्यानंतर भरपूर दूध देणारी गाय खाते त्यापेक्षा अधिक ऊर्जा दुधावाटे बाहेर टाकते. या काळात तिच्या यकृतातल्या वाढ-संप्रेरकाच्या ग्राहीची एक विशिष्ट आवृत्ती घटते. रक्तात वाढ-संप्रेरक भरपूर असते, पण यकृत त्याला दाद देत नाही. परिणामी आयजीएफ कमी पडते आणि अंडाशयातली पुटके एफएसएच-एलएचला मंद प्रतिसाद देतात. माजावर न येणाऱ्या अशा गाईचा खरा उपाय अनेकदा औषधाच्या कपाटात नसून वेताच्या आधीच्या व नंतरच्या खुराकात असतो. ग्राहींचा अभ्यास आपल्याला महागड्या औषधांकडेच नेतो हा समज यामुळे गळून पडावा.

तिसरे कारण आपल्या जनावरांचे. २०१९च्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे १९ कोटी गोवंश आणि जवळपास ११ कोटी म्हशी आहेत. तरीही वर सांगितलेले आकडे बहुतांशी होल्स्टिन गाईंचे. वशिंडाच्या गाईंत चित्र वेगळे असते. त्यांच्या अंडाशयांत वाढणारी पुटके अधिक असतात, रक्तात आयजीएफ जास्त असते आणि वरचढ पुटकाची वाट लहान आकारातच, साधारण सहा मिलिमीटरच्या आसपास, वेगळी होते. ही माहिती मुख्यतः ब्राझीलमध्ये, नेलोर गाईंवर मिळाली. त्या गाईंचे पूर्वज आंध्रच्या किनाऱ्यावरून गेलेले ओंगोल. खिलार, देवणी, डांगी, लाल कंधारी, गवळाऊ यांच्या अंडाशयांविषयी तितक्याच बारकाव्याने लिहिता येईल अशी वेळ यायला हवी. म्हशीचा मुका माज हा तर आपलाच प्रश्न आहे; पंढरपुरी किंवा नागपुरी म्हैस पाळणाऱ्याच्या वतीने तो दुसऱ्या कुठल्या देशाने सोडवावा अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

आपल्याला हे जमणारे नाही असेही नाही. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत १९९० मध्ये प्रयोगशाळेतल्या फलनातून म्हशीचे ‘प्रथम’ हे रेडकू जन्मले आणि २००९ मध्ये म्हशीचे क्लोनिंगही तिथेच साधले. महाराष्ट्रापुरते पाहायचे तर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने मेंढीत केलेले काम डोळ्यांपुढे आहे. अंडाशयातल्या एका ग्राहीच्या, बीएमपीआर-१बी या जनुकाच्या, एका बदलामुळे मेंढी एकाऐवजी जुळी कोकरे देते. फेकबी म्हणून ओळखला जाणारा हा बदल बंगालच्या गारोळ मेंढीतून दख्खनी मेंढीत आणून त्या संस्थेने नारी सुवर्णा ही मेंढी तयार केली. एका ग्राहीतला एक बदल मेंढपाळाच्या कळपापर्यंत पोहोचला, याहून चांगला दाखला मला सापडत नाही. गाईतही विस्कॉन्सिनच्या कर्कपॅट्रिक यांच्या गटाने ‘ट्रायो’ नावाच्या वळूच्या वंशात जुळी-तिळी वासरे देणारा जनुकीय बदल शोधला आहे, आणि त्याचा संबंध याच बीएमपी ग्राहींच्या पुढच्या निरोपयंत्रणेशी आहे. फरक एवढाच, की मेंढीला जुळे हे वरदान असते. गाईला ते बहुतेकदा जड जाते. म्हणूनच या ज्ञानाचा वापर प्राणी आणि गोठा पाहून करायचा असतो.

मराठीत अशा विषयावर सविस्तर लिहिण्याचे धाडस या ग्रंथाने केले आहे. पाठ्यपुस्तकाची जागा घेण्याचा किंवा उपचारांची पुस्तिका होण्याचा त्याचा हेतू नाही. अंडाशयाच्या जीवनक्रमाच्या ओघात ग्राहींकडे पाहणे, ही त्याची मांडणी आहे : आद्य पुटकापासून विरणाऱ्या पीतपिंडापर्यंत, प्रत्येक वळणावर कोणते जनुक जागे होते, कोणत्या पेशीत, आणि हे कशावरून कळले. या तिसऱ्या प्रश्नाला दिलेले महत्त्व ही ग्रंथाची खरी शिस्त. कोणता निष्कर्ष किती जनावरांवर, कुठल्या तंत्राने, कोणत्या जातीत मिळाला हे वेगळे ठेवल्यामुळे वाचक स्वतः वजन करू शकतो. परिभाषेबाबतही लेखकांनी समंजस धोरण ठेवले आहे. गोठ्यात रुळलेला शब्द असेल तिथे तो, नसेल तिथे प्रयोगशाळेत रुळलेला.

वाचकाकडून एवढेच हवे, की त्याने घाई करू नये. पदव्युत्तर विद्यार्थ्याने तंत्रांचा भाग आधी वाचावा आणि आरएनए मोजताना तुलनेचे जनुक कसे निवडतात ते नीट समजून घ्यावे. पुढचे सारे आकडे त्याच्या खरेपणावर उभे असतात. व्यवसाय करणाऱ्या पशुवैद्यकाने लाटा आणि पीतपिंड यांपासून सुरुवात करावी. दूध उत्पादकाने वेताभोवतीच्या काळाचे विवेचन तरी अवश्य वाचावे, कारण खुराकाचा निर्णय त्याच्याच हातात असतो.

संप्रेरके स्वस्त झाली आणि हाताशी आली, तशी ती विचार न करता टोचण्याची सवयही वाढली. दिवस न विचारता आणि अंडाशय न तपासता दिलेले इंजेक्शन गाईवर अन्याय करते आणि तिच्या मालकाचा खिसा रिकामा करते. हा ग्रंथ वाचून आपल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतले काही विद्यार्थी खिलार, देवणी आणि पंढरपुरीच्या अंडाशयांवर कामाला लागले, आणि गोठ्यात उभ्या असलेल्या पशुवैद्यकाने औषध भरण्याआधी ‘माज होऊन किती दिवस झाले?’ हे विचारले, तर या परिश्रमांचे चीज झाले असे मी म्हणेन.